चढणीचा दम आणि उतरणीची कळ

आकाश भरून येते, ऊर भरून येतो, जखम भरून येते, आणि पहिल्यांदाच बैठका काढणाऱ्याच्या मांड्याही भरून येतात. या चौथ्या भरून येण्याविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत. दुखणे तसे क्षुल्लक. त्यासाठी कोणी वैद्याची पायरी चढत नाही, आणि चार-पाच दिवसांत ते आले तसे निघूनही जाते. तरीही या क्षुल्लक दुखण्याभोवती आपल्या घराघरांत एक समज घट्ट रुजून बसला आहे : जितके अंग दुखेल तितका व्यायाम अंगी लागला. हाच समज एखाद्या तरुण मुलाला रुग्णालयात पोहोचवितो आणि दुसऱ्या टोकाला एखाद्या आजींना जिन्यापासून कायमचे दूर करतो. दोन्ही प्रकार आम्ही जवळून पाहिले आहेत, म्हणून हा विषय.

प्रथम एका यात्रेचे उदाहरण घेऊ. इंदूरच्या मराठी घरांत दत्तभक्ती जुनी आहे, आणि गिरनारची वारी केलेले एखादे तरी माणूस बहुतेक घरांत सापडते. सुमारे दहा हजार पायऱ्यांची ती वाट मंडळी रात्रीच्या काळोखात चढू लागतात. चढताना छाती लोहाराच्या भात्यासारखी चालते, घामाच्या धारा लागतात, दर पन्नास पायऱ्यांवर कठड्याशी थांबावे लागते. पादुकांचे दर्शन घेऊन परत फिरले, की सारे कसे सोपे होते! श्वास शांत, गप्पा रंगलेल्या. कठीण ते संपले असे वाटते. पण तीच मंडळी इंदुरास परतल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाहावीत. घराचा जिना उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरलेला, प्रत्येक पायरीला तोंडातून 'आई गं' निघालेले, आणि खाली बसण्याचा प्रसंग आला म्हणजे चेहऱ्यावर चिंता. कारण विचारावे तर बोट चढणीकडे दाखविले जाते. वास्तविक चढणीने दम काढला असला, तरी ही कळ उतरणीची असते. ऑक्टोबर २०२० मध्ये गिरनारवर अंबाजीच्या मंदिरापर्यंत रोपवे सुरू झाला. 'वर जाताना रोपवेने जाऊ, उतरणे काय, सहज उतरू' असा बेत ज्यांनी आखला असेल, त्यांनी दम वाचविला. मांड्या मात्र वाचविल्या नाहीत. आपल्या जवळच्या देवासच्या टेकडीवरही, तुळजाभवानी आणि चामुंडेच्या दर्शनानंतर, हाच अनुभव लहान प्रमाणावर येतो.

असे का व्हावे, हे कळण्यासाठी स्नायूचे काम थोडे जवळून पाहिले पाहिजे. स्नायूला एकच गोष्ट येते : ओढणे. ढकलणे त्याला ठाऊक नाही. विहिरीतून भरलेली घागर वर काढताना आपण दोर हातांनी आपल्याकडे ओढतो; चढताना मांडीचा स्नायू असाच आखडत जाऊन शरीराचा भार वर उचलतो. आता उलटे करून पाहा. भरलेली घागर हळूहळू विहिरीत सोडावयाची आहे. दोर सुटू द्यावयाचा, पण एकदम नाही; मूठ आवळलेलीच ठेवावयाची आणि तरीही दोर तळहातातून सरकू द्यावयाचा. पायरी उतरताना मांडीचा स्नायू नेमके हेच करीत असतो. तो आवळलेला असतो, आणि आवळलेला असतानाच लांबत जातो. शास्त्रज्ञ या प्रकाराला 'एक्सेंट्रिक' असे नाव देतात. आपण पहिल्याला चढते काम आणि दुसऱ्याला उतरते काम म्हणू. घागर ओढणाऱ्याला दम लागतो. दोर सोडणाऱ्याचे तळहात सोलवटतात. साऱ्या विषयाचे सार या दोन वाक्यांत आहे.

उतरते काम स्वस्त असते, हे लंडनमध्ये १९५२ साली मोठ्या गमतीदार रीतीने सिद्ध झाले. अ‍ॅबट, बिगलंड आणि रिची या तीन शास्त्रज्ञांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पुढे पेडल मारावयाचे आणि दुसऱ्याने, पाय मागे फिरत असता, त्याला विरोध करावयाचा. दोघांच्या पायांवरील जोर सारखाच. पण विरोध करणाऱ्याला प्राणवायू कितीतरी कमी लागला. हे यंत्र रॉयल सोसायटीत जाहीररीत्या दाखविले गेले, तेव्हा विरोध करणाऱ्या एका तरुण स्त्रीने पेडल मारणाऱ्या धडधाकट पुरुषास फारसे न थकता दमवून सोडले आणि पाहणाऱ्यांची मोठी करमणूक झाली. पण या स्वस्ताईला किंमत असते. भार तोच असला, तरी उतरत्या कामात स्नायूतील थोडेच तंतू कामाला लागतात; साहजिकच प्रत्येक तंतूच्या वाट्याला येणारा ताण वाढतो. दहा जणांनी उचलावयाची पालखी चौघांच्या खांद्यावर यावी, तसे हे आहे.

या ताणाने आत काय घडते? स्नायूतंतू हा अतिसूक्ष्म कप्प्यांच्या लांबलचक साखळीचा बनलेला असतो. एकेक कप्पा सुमारे अडीच मायक्रोमीटर लांब, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये साधारण चारशे कप्पे मावतात. आवळलेला तंतू बळेच लांबविला गेला, की सगळे कप्पे सारखे ताणले जात नाहीत; जे दुबळे असतात ते आधी ताणून विसविशीत होतात. अमेरिकेतील थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच असे प्रतिपादन केले होते, की श्रमानंतर उशिराने येणारे दुखणे हे स्नायूत काही तुटल्या-फाटल्याचे लक्षण असावे. पुढे १९८१ मध्ये स्वीडनमधील फ्रिडेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिने उतरवून पाय दुखविलेल्या माणसांच्या पोटरीतील कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, आणि कप्प्यांच्या सीमारेषा जागोजाग विस्कटलेल्या त्यांना दिसल्या. लंडनमध्ये १९८३ साली न्यूहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिकच साधा प्रयोग केला. माणसांनी वीस मिनिटे एका पायरीवर चढ-उतार करावयाची. चढावयाचे नेहमी एकाच पायाने आणि उतरावयाचे नेहमी दुसऱ्या पायाच्या बळावर. माणूस तेच, वेळ तीच, पायरीही तीच. पण दुखला तो फक्त उतरविणारा पाय.

येथे एका जुन्या समजुतीचे निरसन केले पाहिजे. श्रमाने स्नायूत आम्ल साचते आणि त्यामुळे अंग दुखते, असे आम्ही शाळेत शिकलो आणि आजही पुष्कळ व्यायामशाळांतून हेच सांगितले जाते. श्रम चालू असताना होणाऱ्या जळजळीचा विचार वेगळा. पण ते लॅक्टिक आम्ल तास-दोन तासांत रक्तातून नाहीसे होते, आणि हे दुखणे तर दुसऱ्या दिवशी उगवते. १९८३ मध्येच अमेरिकेत असे दिसून आले, की सपाटीवर धावणाऱ्यांच्या रक्तात हे आम्ल वाढले पण त्यांचे पाय दुखले नाहीत, आणि उतारावर धावणाऱ्यांचे आम्ल वाढले नाही पण पाय मात्र दुखले. दुखणे येते ते दुरुस्तीच्या खटाटोपातून. मोडलेल्या जागी डागडुजी करणाऱ्या पेशी जमतात, सूज येते, निरनिराळी रसायने स्रवतात आणि भोवतालच्या मज्जातंतूंना हळवे करून सोडतात. २०१० मध्ये जपानमधील संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत अशी दोन रसायने हुडकून काढली. हे सारे उभे राहावयास वेळ लागतो. म्हणून कळ पहिल्या दिवशी नसते, २४ ते ७२ तासांत शिखर गाठते आणि आठवड्याच्या आत ओसरते. स्नायू दुखणे आणि जखम बरी होणे या दोहोंना मराठीने 'भरून येणे' हा एकच शब्दप्रयोग दिला, हा योगायोग खरा, पण मोठा मार्मिक!

आता बैठकांकडे वळू. कारण बैठक म्हणजे गिरनारची चढ-उतार घरच्या घरी. खाली जाताना उतरते काम, वर येताना चढते काम. दंड काढताना छाती जमिनीकडे नेणे हेही उतरतेच काम. मराठी माणूस होळकरांच्या पदरी माळव्यात आला आणि १८१८ नंतर इंदूर राजधानी झाली, तेव्हापासून हौद्यातली माती, दंड, बैठका, मुद्गल आणि मल्लखांब यांचा या मातीशी संबंध आला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी ज्या मल्लखांबाला नवे रूप दिले, तो शेजारच्या उज्जैनीत इतका फुलला, की मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये त्याला राज्यखेळाचा मान दिला, आणि २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार उज्जैनचे मल्लखांब-प्रशिक्षक योगेश मालवीय यांना लाभला. इंदूरचे अर्जुन पुरस्कारप्राप्त मल्ल कृपाशंकर बिष्णोई यांनी २०१६ च्या 'दंगल' चित्रपटातील कलावंतांना कुस्तीचे धडे दिले, हे तर सर्वांना ठाऊक आहे. या परंपरेतले जुने वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी थोड्याच बैठका देत आणि मग रोज थोड्या थोड्या वाढवीत. ते का, हे त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते. पिढ्यांच्या अनुभवाने त्यांना ते कळले होते. मात्र त्याच आखाड्यांच्या कट्ट्यावर गामा पहिलवानाच्या हजारो बैठकांच्या कथाही सांगितल्या जात. मुलांच्या लक्षात त्या कथा राहिल्या. थोड्या थोड्या वाढविण्याची रीत विस्मरणात गेली.

ही रीत योग्य होती काय, याचे उत्तर आता मोजमापाने मिळते. प्रश्न दोन आहेत : भार किती जड आणि आवर्तने किती? या प्रश्नांवर काझुनोरी नोसाका या जपानी शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे खर्ची घातली. त्यांनी २००२ मध्ये एकाच माणसाच्या एका हाताकडून पूर्ण ताकदीने आणि दुसऱ्याकडून अर्ध्या भाराने उतरते काम करवून घेतले. अर्ध्या भाराच्या हाताचे नुकसान कमी झाले आणि तो लवकर पूर्ववत झाला. ग्रीसमध्ये २००५ साली पास्कालिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडीच्या स्नायूंवर निराळी तुलना केली. एका पायाने जड भाराने थोडे काम, दुसऱ्याने हलक्या भाराने पुष्कळ काम. एकूण काम दोन्हीकडे समान. दुखणे आणि रक्तातील खुणा दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच आढळल्या. पण ताकदीची घट जड भाराच्या पायात अधिक होती. म्हणजे भार हलका केला तरी आवर्तने बेसुमार वाढविली, तर दुखण्यातून सुटका नाही. आणि आवर्तने थोडी ठेवली तरी भार जबर असेल, तर ताकद गळतेच. 'वजन तर उचललेच नाही, नुसत्या बैठकाच काढल्या' असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

या सर्वांहून महत्त्वाचा निष्कर्ष पुढचा आहे. नोसाका यांच्याच गटाने २००२ मध्ये १२, २४ आणि ६० अशा आवर्तनांचे गट ताडून पाहिले. बाराच आवर्तने करणाऱ्यांच्या स्नायूंचे नुकसान इतरांहून स्पष्टपणे कमी होते आणि ते लवकर सावरले. दुखणे मात्र तिन्ही गटांत फारसे निराळे नव्हते! बारा वेळा हात उतरविणाराही कण्हत होता आणि साठ वेळा उतरविणाराही. म्हणजेच दुखणे ही नुकसानीची फूटपट्टी नव्हे, आणि अर्थातच लाभाचीही नव्हे. देवळातली घंटा वाजली म्हणजे कोणीतरी आले एवढे कळते. किती जण आले आणि त्यांनी दानपेटीत काय टाकले, हे घंटेवरून कळत नाही.

घंटेवर भरवसा ठेवल्याने काय होते, ते आमच्या कुटुंबाने अनुभविले आहे. आमच्याकडील एकोणीस वर्षांचा एक मुलगा शहरातील एका व्यायामशाळेत दाखल झाला. मे महिन्याचे दिवस. पहिल्याच संध्याकाळी 'दम किती आहे ते पाहू' म्हणून त्याच्याकडून पाचशे बैठका काढून घेण्यात आल्या. दुसऱ्या दिवशी त्याला उठता येईना. घरी आलेल्या एका परिचितांनी पाठ थोपटली : "उत्तम! दुखतंय म्हणजे लागू पडलंय." तिसऱ्या दिवशी मांड्या दगडासारख्या ताठरल्या आणि लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला. रुग्णालयात नेल्यावर डॉक्टरांनी रंग पाहूनच ओळखले. स्नायू इतक्या प्रमाणात विस्कटले होते, की त्यांतील मायोग्लोबिन हे द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडांवर चाल करून आले होते. या विकाराने मूत्रपिंडे कशी निकामी होतात, हे १९४१ मध्ये लंडनवरील बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या लोकांवरून बायवॉटर्स आणि बील यांनी जगासमोर मांडले. ढिगाऱ्याने जे केले, ते आमच्या मुलाच्या बाबतीत बैठकांनी आरंभिले होते. शिरेतून सलाईन चढवून सहा दिवसांनी तो घरी आला, मूत्रपिंडे वाचली. त्या काळात त्याची आई रात्रभर खाटेजवळ बसून लघवीची पिशवी उजेडात धरून पाहत असे, रंग निवळला की नाही म्हणून.

असे प्रसंग विरळा. त्याने कोणी घाबरून व्यायाम सोडू नये. पण ओळख मात्र असावी. साधे भरून येणे चालता-फिरता सैलावते. अंगावर स्पष्ट सूज, हातपाय उचलता न येण्याइतकी दुर्बलता आणि काळपट-तपकिरी लघवी ही लक्षणे दिसली, तर तेल चोळीत बसू नये; तडक रुग्णालय गाठावे. कडक ऊन, पाणी कमी पिणे, नुकताच येऊन गेलेला ताप, मद्यपान यांनी धोका वाढतो. दुखण्यावर वेदनाशामक गोळ्या घेऊन पुन्हा बैठकांना भिडणे हे तर दुहेरी संकट, कारण त्यांतील पुष्कळ गोळ्या मूत्रपिंडांवरच भार टाकतात.

मग उपाय कोणता? तो आश्चर्यकारकरीत्या सोपा आहे : आधी थोडे करावे. एकदा उतरत्या कामाची झळ लागलेला स्नायू दुसऱ्या वेळी त्याच कामाने तितका दुखावत नाही, हे शास्त्रज्ञांना वारंवार दिसून आले आहे. आणि ही झळ मोठी असण्याची गरज नाही. २००१ मधील एका प्रयोगात पूर्ण ताकदीची केवळ २ किंवा ६ आवर्तने आधी केलेल्यांना दोन आठवड्यांनंतर २४ आवर्तने करताना संरक्षण मिळालेले आढळले. २००७ मध्ये तैवानातील चेन यांनी दाखविले, की ४० टक्के भाराने केलेले काम पुढच्या पूर्ण भाराच्या वेळी अंशतः ढालीसारखे उभे राहते. ही ढाल आठवडेच नव्हे तर काही महिनेही टिकते. म्हणजे जुन्या वस्तादाच्या 'आज दहा, उद्या बारा' या शिस्तीत शास्त्र होते.

येथे वाग्भटाची आठवण होणे अपरिहार्य आहे. 'अष्टांगहृदया'च्या दिनचर्येच्या अध्यायात तो सांगतो, की बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसाने थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा. इतर ऋतूंत त्याहूनही सौम्य. अतिरेक करणाऱ्याला तो हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा देतो. सिंह बलाढ्य खरा, पण त्या ओढण्यातच त्याचा नाश होतो. सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस आणि हिवाळ्यात गराडू खाणारे आम्ही इंदूरकर 'स्निग्ध आहारा'च्या अटीत चोख बसतो. प्रश्न आहे तो 'अर्ध्या शक्ती'चा. वाग्भटाला स्नायूचे कप्पे ठाऊक होते असा दावा करण्याचे कारण नाही. परंतु शरीराला त्याच्या मर्यादेच्या निम्म्यावर थांबविणारा नियम शतकानुशतके टिकला, याचा अर्थ तो पाळणारे सुखी झाले असावेत.

हा नियम आपल्या घरात कोठे कोठे लागू पडतो, ते पाहा. श्रावणात आपल्या महिला मंडळांत मंगळागौरीचे खेळ रंगतात. झिम्मा, पिंगा यांनी दम लागतो. पण बसफुगडी आणि कोंबडा हे खेळ उकिडवे बसून उड्या घेण्याचे, म्हणजे मांड्यांना उतरत्या कामाची मेजवानीच! वर्षातून एकदा रात्रभर खेळावयाचे आणि मग तीन दिवस कण्हत घरकाम करावयाचे, त्यापेक्षा पंधरा दिवस आधी दोन-चार वेळा पाच-पाच मिनिटे सराव केला, तर गौर जागविण्याचा आनंद निर्भेळ मिळेल. गिरनारला निघणाऱ्यांनी आधी महिनाभर, आठवड्यातून दोनदा, इमारतीचे दोन-तीन मजले उतरण्याचा परिपाठ ठेवावा. चढण्याचा सराव पुष्कळ जण करतात, उतरण्याचा कोणी करीत नाही. नव्याने बैठका आरंभिणाऱ्या मुलाने पहिल्या दिवशी दहा-पंधरा काढून उठावे, दोन दिवस मध्ये जाऊ द्यावेत, मग वाढवावे. दंड आणि मल्लखांब यांत तर अधिक जपावे. पाय रोजच्या जिन्याने थोडे तरी सरावलेले असतात, हात तसे नसतात. दुखू लागल्यावर कोमट पाण्याचे स्नान, हलके चालणे, हलक्या हाताने तेल लावणे यांनी आराम वाटतो. व्यायामापूर्वी अंग ताणल्याने मात्र हे दुखणे फारसे टळत नाही, असेच पाहण्यात आले आहे.

आता दुसरे टोक. आमच्या शेजारच्या एक आजी देवासची टेकडी उतरून आल्या आणि आठवडाभर त्यांचे पाय दुखले. 'आता वय झाले' असा निष्कर्ष घरच्यांनी काढला, त्यांची खोली तळमजल्यावर हलविली, आणि जिना बंद झाला. हेतू प्रेमाचाच होता. पण वर्षभरात त्यांना खुर्चीतून उठावयास हात द्यावा लागू लागला. दुखणे हे नुकसानीचे माप मानल्याचा हा दुसरा परिणाम. वास्तविक उतरते काम ही वृद्धांसाठी देणगी आहे : हृदयावर आणि श्वासावर बोजा कमी, स्नायूला मात्र भरपूर काम. तैवानात २०१७ मध्ये चेन आणि नोसाका यांनी स्थूल अशा तीस वृद्ध स्त्रियांचे दोन गट केले. बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा, एका गटाने जिने चढावयाचे आणि लिफ्टने उतरावयाचे. दुसऱ्याने लिफ्टने चढावयाचे आणि जिन्याने उतरावयाचे. आरंभ थोड्या मजल्यांपासून करून संख्या हळूहळू वाढविली. शेवटी पायांची ताकद, रक्तदाब, रक्तातील साखरेवरचा ताबा आणि हाडांची घनता या बाबतींत उतरणाऱ्यांचा लाभ अधिक भरला.

आपल्या जुन्या घरात ही कसरत न मागता घडत असे. पाटावर जेवावयास बसणे, देवापुढे बसून पूजा करणे, वाकून रांगोळी काढणे : दिवसातून वीसदा शरीराचा भार सावकाश जमिनीपर्यंत उतरवावा लागे. टेबल-खुर्ची आल्याची तक्रार आम्ही करीत नाही. गुडघे दुखणाऱ्यांना ती हवीच. पण खुर्चीत धप्पकन अंग टाकण्याऐवजी मनातल्या मनात पाच अंक मोजत सावकाश बसणे हे वयाच्या सत्तरीतही बहुतेकांना जमते, आणि दिवसातून दहा वेळा तसे बसणे हाही व्यायामच आहे. ज्यांना चक्कर येते, दृष्टी अधू आहे किंवा सांध्यांचा विकार बळावला आहे, त्यांनी डॉक्टरांस विचारावे; जिना उतरताना कठडा मात्र सर्वांनीच धरावा, कारण पाय घसरण्याची भीती उतरतानाच अधिक.

तात्पर्य, दुखणे मोजण्याची सवय आपण सोडावी. त्याऐवजी मोजावयाचे ते बळ. व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी काल जेवढे सहज जमले तेवढे आज जमते काय, असे मुलाला विचारावे. जमत असेल, तर थोडे दुखत असूनही काळजी नाही. ताकदच गळाली असेल, तर दुखणे असो वा नसो, कालचा डोस अधिक झाला असे समजून थांबावे. आणि घरातील वडीलधाऱ्या मंडळींना 'पाय दुखतात का?' असे विचारून जिना बंद करण्यापूर्वी 'गेल्या महिन्यात किती पायऱ्या उतरत होता, आणि आज किती?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'हो' असेच येणार. दुसऱ्याचे उत्तर ऐकून, त्यांच्या हातात कठडा आणि आपल्या हातात त्यांचा दुसरा हात घेऊन, आज दोन पायऱ्या अधिक उतरावे.